कानाने वाचायची संहिता

साहित्याच्या अभ्यासकांनी डॅक आणि हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर यांसारख्या वस्तूंविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय संगीतवेड्यांचा, फार तर यंत्रवेड्यांचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ज्या मराठी विभागांत लोकसाहित्य शिकवले जाते आणि ज्यांच्या कपाटांत ओव्या, भजने, कीर्तने व बोलीभाषकांच्या मुलाखती यांच्या कॅसेटी पडून असतात, त्यांच्यापुरता तरी हा प्रश्न संहितेचा आहे, असे आमचे मत आहे. छापील संहितेची कोणती आवृत्ती प्रमाण मानावी यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घातले. ध्वनिमुद्रित संहिता मात्र जो मिळेल त्या कर्ण्यातून ऐकून मोकळे झालो.

हे विवेचन आम्ही हिंगोली जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून करीत आहोत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा वाङ्मयाच्या इतिहासात त्याहून बराच जुना आहे. परंपरा नामदेवांचे जन्मगाव म्हणून ज्या नरसीचे नाव घेते ती येथलीच. ज्या देवळाने नामदेवांचे कीर्तन ऐकण्यासाठी तोंड फिरवले असे सांगतात, ते औंढा नागनाथही येथलेच. नामदेवांच्या पदांची संहिता ही गायकांच्या मुखातून आलेली संहिता आहे. विनांद कॅलवर्ट आणि मुकुंद लाठ यांनी त्यांच्या हिंदी पदांचे संपादन १९८९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा हस्तलिखितांतील पाठभेदांचा उगम गाणाऱ्यांच्या परंपरेत शोधला. ख्रिश्चन नोवेट्झ्के यांनी २००८ च्या आपल्या ग्रंथात नामदेवांची सार्वजनिक स्मृती कीर्तनाच्या आधारे कशी टिकली, हेच मांडले. म्हणजे येथे आवाज अगोदर आणि अक्षर नंतर. असे असताना नरसीच्या परिसरातील एखाद्या भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण विद्यार्थ्याने मोबाइलच्या कर्ण्यातून ऐकावे आणि त्यावरून पाठ निश्चित करावा, हे पोथीचे पान दिव्याशिवाय वाचण्यासारखे आहे.

भाषाभ्यासाच्या बाजूने तर ही उणीव जुनीच आहे. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीतून हैदराबाद संस्थान वगळले गेले होते. शेजारचे वाशीम वऱ्हाडात असल्यामुळे पाहणीच्या कक्षेत आले; निजामाच्या राज्यातील हिंगोली, कळमनुरी, वसमत बाहेर राहिली. पैनगंगेच्या कोणत्या काठावर ‘जवळ’चे ‘जवय’ होते आणि कोठे ते पुन्हा ‘जवळ’ होते, हे सांगायला त्या काळचा कागद येथे अपुराच पडतो. नंतर कोणी हौसेने, कोणी प्रबंधासाठी जे ध्वनिमुद्रित केले, तेवढेच हाती आहे.

आता यंत्राकडे वळू. संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. त्या आकड्यांचे विद्युत्‌संदेशात रूपांतर करतो तो डॅक. त्या संदेशाला हेडफोनचा पडदा हलवण्याइतके बळ देतो तो अ‍ॅम्प्लिफायर. आज हे दोन्ही तळहाताएवढ्या एका पेटीत येतात आणि ती पेटी यूएसबीने संगणकाला जोडली की काम भागते. प्रत्येक लॅपटॉपच्या पोटात हीच जोडी असतेच. म्हणून वेगळी पेटी घ्यावीच का, हा पहिला प्रश्न. उत्तर प्रयोगाने मिळते. लॅपटॉपला हेडफोन लावावा, काहीही न वाजवता आवाज पूर्ण वाढवावा. मागे सुसू असा ध्वनी, माउस हलवताच कुरकुर, किंवा चार्जर लावल्याबरोबर गुणगुण ऐकू येत असेल तर पेटी घ्यावी. हे काहीच ऐकू येत नसेल तर पैसे हेडफोनसाठी राखून ठेवावेत. चार्जर काढताच गुणगुण थांबली, तर दोष बहुधा अर्थिंगचा असतो. तो महागड्या पेटीनेही जाईलच असे नाही. तोवर बॅटरीवर ऐकावे.

पेटीची जाहिरात वाचणे हा आपल्या लोकांसाठी खरा धोका आहे. ‘उबदार’, ‘मखमली’, ‘मोकळा’, ‘सांगीतिक’ अशा विशेषणांचा तेथे पूर आलेला असतो. विशेषणे हा आपलाच धंदा असल्यामुळे आपण त्यांना इतरांपेक्षा लवकर भुलतो. डॅक उबदार असावा असे म्हणणे म्हणजे प्रतलेखक रसिक असावा असे म्हणण्यासारखे आहे. रसिक प्रतलेखकांनी जुन्या पोथ्यांचे काय केले, हे संपादनशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. आलेल्या आकड्यांत स्वतःची काहीही भर न घालणे एवढेच या यंत्राचे काम आहे आणि समाधानाची गोष्ट अशी की, आजच्या चार आकडी किमतीच्या अनेक पेट्या ते निर्दोषपणे करतात. त्यापुढे वाढणाऱ्या किमतीत धातूचे कवच असते, जास्त जोडण्या असतात, कधी जास्त बळ असते. संहिता तीच राहते.

यावर आक्षेप येईल की ऐकणे आकड्यांत मावत नाही. रसास्वाद मावत नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु दोन यंत्रांत फरक आहे की नाही, हा प्रश्न रसास्वादाचा नव्हे. तो तपासता येतो आणि तपासलाही गेला आहे. सीडी १९८२ मध्ये बाजारात आली, तेव्हापासून तिचे माप सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट असे आहे. त्यामुळे २२,०५० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी तीत सामावतो. माणसाचा कान, तोही तरुणाचा, २०,००० च्या आसपास थांबतो. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उच्च मापाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या मापातून गाळून काढलेले, यांतला फरक श्रोत्यांना ५५४ वेळा विचारला. उत्तर २७६ वेळा बरोबर आले. नाणे उडवूनही एवढेच आले असते. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोगांतील साडेबारा हजारांवर उत्तरे एकत्र करून पाहिली, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. संख्याशास्त्राला तो फरक दखलपात्र वाटला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण कळमनुरीच्या आजींची ओवी ऐकण्यासाठी १९२ किलोहर्ट्‌झची पेटी मागणाऱ्या विभागप्रमुखांना तो आधार पुरणार नाही.

मात्र वरच्या पट्टीतले काहीच महत्त्वाचे नाही, असा अर्थ यातून कोणी काढू नये. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडे. ‘चार’ ही संख्या आणि गुरे ‘चार’ ही आज्ञा. आपली लिपी हे दोन्ही उच्चार एकाच अक्षराने लिहिते, म्हणून कागदावर हा भेद संदर्भानेच कळतो. आवाजात तो घर्षणाच्या पट्टीत असतो: तालव्य ‘च’चे घर्षण साधारण अडीच ते चार हजार हर्ट्‌झच्या आसपास दाट असते, दंत्य ‘च’चे त्याहून वर सरकते. जुन्या टेलिफोनची पट्टी ३,४०० हर्ट्‌झला संपते. म्हणजे बोलीच्या अभ्यासकाला ज्या भेदाची गरज आहे, तोच नेमका निकृष्ट साधन गिळून टाकते. आठ-दहा हजारांपर्यंतचा ध्वनी स्वच्छ ऐकू येणे ही आपली खरी गरज आहे आणि ती भागवण्यात डॅकपेक्षा हेडफोनचा वाटा कितीतरी मोठा आहे. दोन चांगल्या डॅकमधला फरक डेसिबलच्या लहानशा अंशात मोजावा लागतो. दोन हेडफोनमध्ये तो एकेका पट्टीत पाच-दहा डेसिबलचा सहज निघतो. यास्तव आमचा सल्ला असा की, हाती असलेल्या रकमेचा मोठा भाग हेडफोनवर खर्च करावा. ग्रंथालयात इतर वाचक असतात, म्हणून बंद कपांचा घ्यावा; सोनीचा एमडीआर ७५०६ हा १९९१ पासून ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत वापरात आहे, ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्सही त्याच जातीचा. ज्यावर ‘एक्स्ट्रा बेस’ लिहिलेले असते, तो विद्यार्थ्यांनी स्वतःच्या आनंदासाठी घ्यावा.

अ‍ॅम्प्लिफायरच्या बळाविषयीही बराच गैरसमज आहे. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, म्हणजे चालवायला अवघड समजला जाणारा हेडफोन. तरीही एक व्होल्ट दिला की तो ९७ डेसिबलच्या आसपास जातो आणि त्यासाठी लागणारी शक्ती साडेतीन मिलिवॅटही नसते. बोललेला शब्द आपण सत्तर-पंचाहत्तर डेसिबलवर ऐकतो. म्हणून हजारो मिलिवॅटच्या घोषणा बहुतेक निरुपयोगी. जुन्या कॅसेटीतला आवाज फारच क्षीण असेल तर थोडी जादा वाढ लागते, ती साध्या पेटीतही मिळते. बळापेक्षा पेटीचा निर्गम-रोध पाहावा: तो हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्श्याहून कमी असावा. ३८ ओहमच्या हेडफोनला पावणेपाच ओहमच्या आतली पेटी. हा एक आकडा कोटेशनमध्ये लेखी मागावा. विक्रेत्याला सांगता आला नाही तर दुसरा विक्रेता पाहावा.

औंढ्याजवळच दुधाळा येथे लायगो-इंडियाची वेधशाळा उभी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च २,६०० कोटी रुपये, भुजा चार-चार किलोमीटरच्या. ही जागा निवडण्यात जमिनीची शांतता हे मोठे कारण होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत पहिली गुरुत्वीय लहर सापडली, ती सुमारे ३५ हर्ट्‌झपासून २५० हर्ट्‌झपर्यंत चढत गेलेली, सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी हालचाल होती. शास्त्रज्ञांनी तिचा ध्वनी करून जगाला ऐकवला. तेथील मुख्य संदेश सेकंदाला १६,३८४ नमुन्यांनी टिपला जातो, हे माप सीडीहूनही कमी आहे, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. कोणते ऐकायचे आहे हे आधी ठरले की माप आपोआप ठरते. त्याहून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ही मंडळी काय ऐकले ते सांगण्याअगोदर आपल्या यंत्राचा स्वतःचा गोंगाट किती, हे सांगतात. लोकसाहित्यावरील प्रबंधांत मुलाखत कोणत्या यंत्राने टिपली आणि कशातून ऐकून लिहिली, याची एक ओळही सहसा आढळत नाही.

पेटी आल्यावर पहिले काम म्हणजे संगणकातील सर्व ‘सुधारणा’ बंद करणे. ध्वनी भरदार करणारी, भोवताल निर्माण करणारी, आवाज सारखा करणारी ही सोंगे अर्वाचीनीकरणाची हौस असलेल्या संपादकासारखी असतात. संगणकाची पातळी पूर्ण ठेवून कमी-जास्त पेटीच्या बटणाने करावे. दोन यंत्रांची तुलना करायची तर दोन्हींचा आवाज मोजून सारखा करावा आणि कोणते वाजते आहे हे ऐकणाऱ्याला सांगू नये, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. तासन्‌तास ऐकून लिप्यंतर करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही भिंतीवर लावावी: ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास.

खरे तर मराठी विभागाने नुसता डॅक न घेता ऑडिओ इंटरफेस घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यात ऐकण्याबरोबर ध्वनी आत घेण्याचीही सोय असते आणि आपल्याकडे निकड आत घेण्याचीच आहे. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या लिहून घेतल्या गेल्या; त्यांपैकी ज्यांचा आवाज टिपला गेला, त्या थोड्याच. महाविद्यालयांच्या कपाटांतील कॅसेटी तर कोणत्याच सूचीत नाहीत, जडसंग्रहाच्या नोंदवहीत ‘कॅसेट, नग ४०’ अशी नोंद असली तर असते. त्या आत घेताना मात्र माप मोठे ठेवावे. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने निदान ४८ किलोहर्ट्‌झ व २४ बिट सांगितले आहे, ९६ ची शिफारस केली आहे. ऐकण्यासाठी सीडीचे माप पुरते आणि जतनासाठी पुरत नाही, यात विसंगती नाही. पोथीचे छायाचित्रही आपण वाचण्यापुरते न काढता पुढच्या अभ्यासकाच्या भिंगासाठी काढतो. खरखर काढणारी सॉफ्टवेअरे मूळ प्रतीवर कदापि चालवू नयेत. खरखरीबरोबर ‘स’ जातो, ‘श’ जातो आणि दंत्य ‘च’ तर हमखास जातो.

कॅसेट लावण्यापूर्वी प्लेअरचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. नंतर हेडच्या बाजूचा लहान स्क्रू अगदी थोडा-थोडा फिरवीत, हेडफोन लावून, दोन्ही बाजू एकत्र केलेला आवाज ऐकावा. मूळ ध्वनिमुद्रण ज्या यंत्रावर झाले त्याच्या हेडचा कल आपल्या प्लेअरहून वेगळा असतो आणि तो जुळेपर्यंत आवाज घोंगडीआडून आल्यासारखा वाटतो. ओवीत ‘स’ येईल तेथे कान लावावा. तो सर्वांत धारदार होईल तेथे स्क्रू सोडावा. हे प्रत्येक कॅसेटीला नव्याने करावे लागते, कधी दोन्ही बाजूंना वेगळे. येथे गेलेला ‘स’ पुढची कोणतीही पेटी परत आणू शकत नाही, म्हणून या कामावर विभागातला सर्वांत तरुण कान बसवावा.