म्हणायचं औषध, असतं विष!

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक चालू होती. एवढ्यात मागच्या गल्लीतली पोरगी धावत आली, ‘मावशी, आई कशीतरीच करायलीय!’ जाऊन पाहते तर तिची आई मोरीजवळ भिंतीला टेकून बसलेली. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांना धूसर दिसतेय म्हणत होती. बाई त्या दिवशी शेतात गेलीच नव्हती. नवऱ्याने कपाशीवर फवारणी करून आल्यावर काढलेले कपडे तेवढे तिने हाताने धुतले होते.

कुणी म्हणाले बाहेरचे आहे, कुणी लिंबू उतरवायला घेतले. मीही आधी ‘ऊन लागलं असेल’ म्हणून साखरपाणी करायला लावले, हे कबूल करते. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘कोणतं औषध मारलं होतं?’ कुणालाच सांगता येईना. बाटली बांधावर फेकलेली! बाई वाचली, पण आमचा तो गेलेला वेळ माझ्या मनातून जात नाही.

मैत्रिणींनो, युद्धाच्या बातम्यांत ‘नर्व्ह गॅस’ असा शब्द ऐकला की आपण म्हणतो, हे आपल्याकडे कुठले! पण 1936 साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर हा रसायनतज्ज्ञ कीटकनाशक शोधत होता, आणि त्यातून हाती लागला ‘टाबुन’ हा पहिला नर्व्ह वायू. आपल्या कोठीत ठेवलेली कित्येक ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके त्याच कुळातली. जोर कमी, पण काम तेच. आपल्या नसांनी स्नायूला, ग्रंथीला दिलेला हुकूम काम झाल्यावर थांबवणारे एक द्रव्य शरीरात असते. हे विष त्यालाच निकामी करते. मग लाळ, घाम, डोळ्यांचे पाणी थांबत नाही, उलट्या-जुलाब होतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास अडतो.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्याआधी 2013 साली बिहारमध्ये शाळेच्या मध्यान्ह भोजनात मोनोक्रोटोफॉस गेल्याने 23 लेकरे दगावली. मेलेल्यांत ना सैनिक होते, ना शत्रू. आपल्यासारख्याच घरांतली माणसे होती ती.

1995 साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन वायू सोडला गेला, तेव्हाचा एक धडा आपल्याला लागू पडतो. रुग्णांचे कपडे न काढताच त्यांना आत घेतल्याने त्या वाफेचा त्रास डॉक्टर-परिचारिकांनाही झाला. आपल्याकडे ते कपडे कोण हाताळते? आपणच ना! म्हणून आधी स्वतःच्या हातात हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या घाला. माणसाला मोकळ्या हवेत आणा, कपडे उतरवा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा. मीठपाणी पाजून उलटी करवू नका, दूध-तूप देऊ नका. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर निजवा. हे करतानाच दुसऱ्या कुणीतरी 108 ला फोन लावावा. आणि बाटली लेबलसकट सोबत न्या, कारण प्रत्येक विषाचा उतारा वेगळा असतो. दिल्लीच्या एम्समधील विष माहिती केंद्राचा 1800 116 117 हा नंबरही चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवा. रुग्णाला बरे वाटले तरी डॉक्टरांनी सोडल्याशिवाय घरी आणू नका. एक ते चार दिवसांनीही मान लुळी पडून श्वास अडकू शकतो.

पण आपण सगळे नीट केले आणि दवाखान्यात इंजेक्शनच नसले तर? या विषावर ॲट्रोपिन आणि प्रालिडॉक्सिम ही औषधे देतात. दोन्ही देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. अत्यवस्थ रुग्णाला ॲट्रोपिन पुन्हा पुन्हा द्यावे लागते, एक-दोन इंजेक्शनांनी भागत नाही. ऑक्सिजन हवा, वेळ आली तर व्हेंटिलेटर हवा. गंगापूरहून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत रस्त्याने जायला वेळ लागतोच, तेव्हा पहिला डोस इथेच मिळाला पाहिजे. शिवाय वाळूजची एमआयडीसी आपल्याच तालुक्यात. तिथे उद्या एखादे रसायन सांडले, तर अंग धुण्याची सोय आणि औषधांचा साठा हीच तयारी कामी येईल.

म्हणून आमच्या गटाने ठरवले आहे की दरवर्षी फवारणीचा हंगाम सुरू होण्याआधी आरोग्य केंद्रात जाऊन विचारायचे, ॲट्रोपिन किती आहे, त्याची मुदत कधी संपते? ग्रामसभेतही हाच प्रश्न. फवारणीच्या मजुरांना हातमोजे-मास्क मिळाले का, हेही विचारायचे. आपण तांदूळ संपायच्या आधी डबा बघतोच की! मग हे का नाही बघायचे?

आणि एक साधी सवय. आपण सगळे सहज म्हणतो, ‘हे औषध मारायला गेलेत.’ त्या एका शब्दाने भीतीच मरते. मग तीच बाटली धुऊन तेल ठेवायला घेतली जाते, तीच बादली न्हाणीत येते. आमच्या गल्लीत आता आम्ही बायका सरळ ‘विष’ म्हणतो. पुरुष आधी हसले. परवा मात्र त्या पोरीच्या वडिलांनी फवारणीचे कपडे अंगणातच वेगळ्या बादलीत टाकले, आणि हातमोजे घालून स्वतः धुतले.