शोकेसमधलं सुवर्णपदक



गेल्या महिन्यात आमच्या सईला कराटेत सुवर्णपदक मिळालं. सई तिसरीत आहे. स्पर्धा संपवून घरी येईपर्यंत पदक गळ्यातच होतं. छाणी जकात नाक्यावर सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा शेजारच्या रिक्षावाल्या काकांनाही तिनं ते काचेतून दाखवून घेतलं. घरात पाऊल टाकल्याबरोबर आजीला फोन लावला.

"आजी, मला गोल्ड मिळालं! पण ना, आमच्या गटात आम्ही दोघीच होतो. आणि ती दुसरी माझ्यापेक्षा खूप उंच होती."

आजीनं तिकडून भरभरून कौतुक केलं. मी मात्र बूट काढता काढता थबकलो. कारण आमच्या शोकेसमध्ये आणखी एक सुवर्णपदक आहे, बॉक्सिंगचं, आणि ते माझं आहे. पाहुणे विचारतात, मी थोडं लाजल्यासारखं करून गोष्ट सांगतो. गेली पंधरा वर्षं सांगतोय. पण माझ्या गटात किती जण होते, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आमच्या धंद्यात जुना कोड पुन्हा उघडून पाहायची पद्धत आहे. लिहिताना जो अफलातून वाटला होता, तोच पाच वर्षांनी बघताना 'अरे, हे एवढंच होतं?' असं वाटतं. बॉक्सिंगमधल्या विजयांचंही तसंच होतं. आणि बॉक्सिंगमध्ये हे जास्त होतं, कारण तिथे समोर एकच माणूस असतो. क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज आजारी असला तरी दहा जण उरतात. रिंगमध्ये समोरचाच थकलेला, आजारी किंवा म्हातारा असेल, तर अख्ख्या विजयाचा भावच बदलतो.

एक साखळी सांगतो, नवीन पिढीला मजा वाटेल. २६ ऑक्टोबर १९५१ ला न्यूयॉर्कमध्ये रॉकी मार्सियानोनं जो लुईला आठव्या फेरीत रिंगबाहेर फेकलं. मार्सियानो २८ वर्षांचा, लुई ३७ चा. लुई निवृत्त झाला होता. आयकराची प्रचंड थकबाकी डोक्यावर असल्यामुळे परत उतरला होता. पुढे २ ऑक्टोबर १९८० ला लास वेगासमध्ये लॅरी होम्सनं महंमद अलीला हरवलं. अली ३८ वर्षांचा, दोन वर्षं रिंगपासून दूर, थायरॉइडची औषधं घेऊन अंगातलं त्राण गेलेलं. दहाव्या फेरीनंतर अलीच्या प्रशिक्षकानंच लढत थांबवली. स्वतः होम्स मध्येमध्ये रेफरीकडे बघून 'थांबवा आता' असं सुचवत होता. मग जानेवारी १९८८ मध्ये माइक टायसननं होम्सला चौथ्या फेरीत लोळवलं. तेव्हा होम्स किती वर्षांचा होता? तोही ३८! आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये २७ वर्षांच्या जेक पॉलनं टायसनला गुणांवर हरवलं, ते तर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नेटफ्लिक्सवर पाहिलं असेल. टायसन ५८ वर्षांचा होता आणि फेऱ्या तीनऐवजी दोन मिनिटांच्या ठेवल्या होत्या.

म्हणजे ज्यानं म्हाताऱ्याला हरवलं, तो पुढे म्हातारा होऊन कुणाच्या तरी खात्यावर 'विजय' म्हणून जमा झाला. रेकॉर्ड-बुकात मात्र चारही ठिकाणी एकसारखं 'विजयी' एवढंच लिहिलेलं असतं. शेजारी वयाचा रकाना नसतो.

पण इथे जरा सावध राहायला हवं. पश्चातबुद्धी ही फार सोपी बुद्धी असते. आज आपण म्हणतो, 'हॅ, मार्सियानोनं म्हाताऱ्या लुईला मारलं.' पण त्या दिवशी सट्टेबाजांचा कौल लुईच्या बाजूनं होता! त्याआधीच्या लागोपाठ आठ लढती लुईनं जिंकल्या होत्या. तो संपला आहे, हे मार्सियानोनं दाखवून दिल्यावरच लोकांना कळलं. उत्तर समजल्यावर गणित सोपंच वाटतं.

आता आपल्याकडची गोष्ट. ऑगस्ट २००८ मध्ये मी बीईच्या पहिल्या वर्षाला होतो. बीजिंग ऑलिंपिकमध्ये विजेंदर सिंगनं उपांत्यपूर्व फेरीत इक्वेडोरच्या कार्लोस गोंगोराला ९-४ असं हरवलं आणि भारताचं बॉक्सिंगमधलं पहिलं ऑलिंपिक पदक पक्कं झालं. पुढे उपांत्य फेरीत क्यूबाच्या एमिलिओ कोरेआकडून तो ५-८ असा हरला आणि कांस्यपदक मिळालं. कॉलेजच्या कँटीनमध्ये टीव्हीसमोर आम्ही टेबलांवर चढून नाचलो होतो. गोंगोरा कोण, हे आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

२०१५ मध्ये विजेंदर व्यावसायिक झाला आणि एकामागून एक जिंकत सुटला. मँचेस्टर, डब्लिन, लिव्हरपूल, लंडन. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून आशिया-पॅसिफिकचा पट्टा घेतला. त्याच डिसेंबरमध्ये टांझानियाचा फ्रान्सिस चेका आला. चाळीसहून जास्त लढतींचा अनुभव, लढतीआधी भरपूर गर्जना, आणि तिसऱ्या फेरीतच खेळ खलास. ५ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत वरळीला चीनचा झुल्पिकार मैमैतियाली समोर होता. डोकलामचे दिवस होते, त्यामुळे स्टेडियममध्ये सीमेवरचंच वातावरण. दहा फेऱ्यांनंतर विजेंदर जिंकला, आणि सीमेवर शांतता राहावी म्हणून पट्टा झुल्पिकारला परत द्यायला तयार आहे, असं रिंगमध्येच म्हणाला. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं. मीही घरी टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

असे लागोपाठ १२ विजय झाले. मग १९ मार्च २०२१ ला गोव्यात, पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर रशियाच्या आर्तिश लोपसाननं त्याला पाचव्या फेरीत थांबवलं. लोपसानच्या नावावर तोवर जेमतेम सहा लढती होत्या. दुसऱ्या दिवसापासून लोक मागे वळून ते १२ विजय मोजायला लागले. समोर कोण होते? कितीजण ऐन उमेदीत होते? चेकाचा बहर ओसरला नव्हता का? सगळा आकडाच फुगवलेला वाटायला लागला.

या हिशोबात दोन चुका होत्या. एक म्हणजे लोपसानच्या विजयालाही तोच नियम लावायला हवा. विजेंदर ३५ वर्षांचा होता आणि कोविडमुळे जवळजवळ १६ महिने रिंगमध्ये उतरला नव्हता. दुसरी म्हणजे सगळे १२ विजय एका मापाचे नव्हतेच. चेकावरचा विजय तेव्हा मोठा दिसला, आज छोटा दिसतो. पण वरळीची लढत? झुल्पिकार तरुण होता, तोवर एकदाही हरलेला नव्हता. कमरेखाली ठोसे बसूनही विजेंदर दहा फेऱ्या टिकला, आणि तीनपैकी दोन परीक्षकांच्या कागदावर फरक होता फक्त एका गुणाचा. तेव्हा आम्हाला वाटलं, 'अरे, जेमतेम जिंकला.' आज वाटतं, खरी कमाई तीच होती. सोपे विजय नॉकआउटच्या फटाक्यांत उठून दिसतात. कठीण विजय बरेचदा जेमतेमच असतात.

आणि गोंगोरा? ज्याचं नावही आम्हाला माहीत नव्हतं, तो डिसेंबर २०२० मध्ये आयबीओ या संघटनेचा जगज्जेता झाला. अपराजित अली अखमेदोवला त्यानं बाराव्या फेरीत पाडलं. म्हणजे बीजिंगमधला तो ९-४ चा विजय बारा वर्षांनी आणखी मोठा झाला! मागे वळून बघितलं की भाव नेहमी उतरतोच असं नाही, कधी चढतोही.

आम्हा बडोदेकरांना हे कळायला खरं तर गोव्यापर्यंत जायचीही गरज नाही. लहानपणी आजोबा कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये न्यायचे आणि गामा पैलवानानं १९०२ मध्ये उचलला म्हणतात तो दगड दाखवायचे. वजन १२०० किलो सांगतात. मी इंजिनिअर झाल्यावर आजोबांशी वाद घातला होता, की जगातले सगळ्यात ताकदवान लोक आज जमिनीवरून ५०० किलोच्या आसपास उचलतात, १२०० कसे उचलणार? आजोबा म्हणाले, "दगड राहू दे, पटियाळा बघ."

पटियाळा म्हणजे गामा आणि पोलंडच्या झिबिस्कोची कुस्ती. १० सप्टेंबर १९१० ला लंडनमध्ये दोघे अडीच तासांहून जास्त वेळ लढले. झिबिस्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून राहिला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. १७ तारखेला पुन्हा लढायचं ठरलं, झिबिस्को आलाच नाही, आणि जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. म्हणजे तो मानाचा पट्टा न आलेल्या माणसाकडून जिंकलेला! मग १९२८ मध्ये पटियाळ्याला दोघे पुन्हा समोरासमोर आले आणि गामानं मिनिटभराच्या आत झिबिस्कोला चीत केलं. यावर काही जण म्हणतात, झिबिस्को तेव्हा पन्नाशीला आला होता, त्यात काय विशेष? खरं आहे. पण गामा कुठे पंचविशीचा होता? तोही जवळजवळ तेवढाच होता. वयाची सूट द्यायची तर दोघांना द्यायला हवी. आजोबांचं म्हणणं एवढंच होतं की विजय मोजायचा तर पूर्ण मोजावा, आपल्या सोयीचे आकडे तेवढे घेऊ नयेत.

आता माझं पदक. विजेंदरचं पाहून मी हातमोजे चढवले आणि २०१० मध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत ६० किलो गटात उतरलो. बडोदं तसं तालमींचं शहर. कुस्ती, मल्लखांब हवा तेवढा, पण बॉक्सिंगला मुलं कमीच. माझ्या गटात तिघे होते. चिठ्ठ्या टाकल्या, मला बाय मिळाला. म्हणजे एकही ठोसा न खाता मी थेट अंतिम फेरीत.

समोर वसतिगृहात राहणारा एक मुलगा आला. सकाळच्या वजनाला तो किलोभर जास्त भरला होता. त्यानं अंगात प्लास्टिकचं जाकीट चढवलं आणि भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारल्या. पाण्याचा थेंब घेतला नाही. तासाभरानं वजन बसलं. त्यानंतर त्यानं एक लढत खेळली, जिंकली, आणि दुपारी माझ्यासमोर उभा राहिला. मी तोवर पॅव्हेलियनच्या सावलीत बसून आईनं दिलेले थेपले खाल्ले होते.

दुसऱ्या फेरीत त्याचे हात खाली यायला लागले. मी मारत राहिलो. रेफरीनं लढत थांबवली आणि माझा हात वर केला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं, माझ्याकडून काहीच चुकलं नाही. पण तो मैदानाला फेऱ्या मारत होता, तेव्हा मी कठड्यावर बसून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, 'बरं झालं.' ते 'बरं झालं' मी पंधरा वर्षांच्या गोष्टीतून कापून टाकलं. माझ्या गोष्टीत प्रतिस्पर्धी दरवर्षी थोडा थोडा धष्टपुष्ट होत गेला. नोकरीच्या मुलाखतीतही ते पदक उपयोगी पडलं. त्या मुलाचं आडनावसुद्धा मला आज आठवत नाही.

सईनं तीन वाक्यांत आजीला जे सांगितलं, ते मला पंधरा वर्षांत जमलं नाही. आम्ही दोघीच होतो, हेही खरं. ती माझ्यापेक्षा उंच होती, हेही खरं. आणि गोल्ड मिळालं, तेही खरंच. तिनं काही वजा केलं नाही, काही वाढवलंही नाही, आणि तरी तिच्या आनंदाला कुठे धक्का लागला नाही.

आमच्या मंडळाच्या मुलांच्या क्रीडादिनाला बक्षिसं द्यायला यंदा मला बोलावलं आहे. कार्यवाह काकांनी ओळखीसाठी माहिती मागितली. नेहमीचं 'बॉक्सिंगमधील सुवर्णपदक विजेते' खोडून मी लिहून पाठवलं: '२०१०, ६० किलो गट, स्पर्धक तीन, लढत एक, विजय.' काकांचा लगेच फोन आला, "अरे, एवढं कशाला? पत्रिकेत जागा कमी आहे!"

सई शेजारीच बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "बाबा, तो दादा तुझ्यापेक्षा उंच होता?"

"नाही गं. पण त्यानं सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं."

तिनं जरा विचार केला. "मग ते पण लिही ना."

पत्रिकेत जागा नव्हती, म्हणून इथे लिहिलं.