म्हातारचळ

आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत सध्या सिद्ध होत आहे. समितीने छापील मसुदा घरोघर पाठविला आहे आणि दुरुस्त्या मागविल्या आहेत. त्यात माझ्या वडिलांच्या नावापुढे त्यांचे शिक्षण आहे, नोकरी आहे, माझ्या आईचे माहेर आहे. आणि शेवटी एक वाक्य आहे : ‘उत्तरायुष्यात विरक्त.’

दुसरा कागद त्याहून जुना. माझे वडील ज्या ख्रिस्ती मंडळीचे सभासद होते, तिने एका वर्धापनदिनी स्मरणिका काढली होती. तीतही त्यांच्यावर चार ओळी आहेत. एका ब्राह्मण पंडिताने आपले देव नदीत बुडविले आणि सत्याचा मार्ग धरला, असा त्यांचा आशय.

दादा विरक्त नव्हते. पंडितही नव्हते, माध्यमिक शाळेत मराठी आणि संस्कृत शिकविणारे मास्तर होते. देव त्यांनी कोठेच बुडविले नाहीत. घरातले टाक आणि बाळकृष्ण त्यांनी स्वच्छ घासून, रेशमी फडक्यात बांधून, आपल्या बहिणीच्या हाती पुण्यास दिले. आत्याच्या देव्हाऱ्यात ते शेवटपर्यंत पूजेत होते. १९८७ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, नगर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९९५ साली ते वारले. एवढी साधी हकीकत जशीच्या तशी छापण्याची छाती ना कुळाला झाली ना मंडळीला. या दोन छापील असत्यांविषयी मला चार शब्द बोलावयाचे आहेत. मी स्वतः ख्रिस्ती नाही. देवळातही क्वचितच जातो. तेव्हा कोणाची वकिली करीत आहे असा संशय घेण्याचे कारण नाही.

आमच्या आप्तांनी त्या वेळी या घटनेला एक नाव दिले होते : म्हातारचळ. पेन्शनर माणूस, बायको गेलेली, मुले नोकरीच्या गावी, एकटेपणाने डोके फिरले, झाले! हे निदान करणाऱ्यांना मी विचारतो, की हाच माणूस एकोणसत्तराव्या वर्षी माळ घालून आळंदीस जाऊन राहिला असता, तर तुम्ही काय म्हटले असते? त्याला तुम्ही वैराग्य म्हटले असते आणि कुळवृत्तांतात त्याचा फोटो छापला असता. म्हातारपणी देव आठवणे हा आपल्याकडे धर्मच आहे. चळ ठरतो तो फक्त देवाचा पत्ता बदलला म्हणजे.

आणि हा चळ काही एका रात्रीत लागला नव्हता. दादांच्या हाती ना. वा. टिळकांची ‘अभंगांजली’ आली ती १९५८ च्या सुमारास. वर्गात शिकविण्यासाठी म्हणून त्यांनी ती आणली होती. दादांचे वडील वारकरी. तुकोबांचे अभंग त्यांना पाठ नव्हते, अंगात होते. त्याच चालीत, त्याच लाघवाने कोणी येशूशी बोलतो हे पाहून ते प्रथम चिडले, असे तेच सांगत. मग ते पुन्हा वाचू लागले. मग जुन्या बाजारातून त्यांनी ‘नवा करार’ आणला. चिडण्यापासून बाप्तिस्म्यापर्यंत त्यांना एकोणतीस वर्षे लागली. एकोणतीस वर्षे विचार करणाऱ्या माणसाला भ्रमिष्ट म्हणणारे लोक स्वतःच्या धर्माचा विचार एकोणतीस मिनिटे तरी करतात काय?

“मग इतके दिवस का थांबलात?” असे मी त्यांना एकदा विचारले होते. ते म्हणाले, “तुझी आई होती. मी पाण्यात उतरलो असतो, पण तिच्या हळदीकुंकवाला कोणी आलं नसतं.” आई १९८१ साली गेली. धाकट्या बहिणीचे लग्न १९८६ त झाले. त्यानंतरचा पहिला पावसाळा संपल्यावर दादांनी मंडळीच्या पाळकांची गाठ घेतली.

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला तो बायकोची संमती न घेता. लक्ष्मीबाईंनी पुढे जवळजवळ पाच वर्षे त्याची किंमत कशी मोजली, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. दादा टिळकांना गुरू मानीत, पण याबाबतीत गुरूचे चुकले असे ते स्पष्ट म्हणत. उलट टिळक त्यांना म्हणाले असते, की मास्तर, तुम्ही भित्रे आहात. कोणाचे खरे, हे मला आजही ठरविता येत नाही. ज्या सत्यासाठी तीस वर्षे थांबता येते ते सत्य कितपत निकडीचे, हा प्रश्न उरतोच; आणि बायकोच्या हळदीकुंकवाहून स्वतःचा आत्मा मोठा मानणारा माणूस कितपत प्रेमळ, हाही उरतो.

म्हातारचळाची मात्रा लागू पडली नाही तेव्हा दुसरी काढण्यात आली : आमिष. या शब्दावर आमच्या सुशिक्षितांची फार भिस्त आहे. १९५६ साली नागपुरात नियोगी समितीचा अहवाल आला, पुढे ओरिसाने १९६७ त आणि मध्य प्रदेशाने १९६८ त कायदे केले, तेव्हापासून धर्मांतर म्हटले की आमिष हा शब्द आपोआप जिभेवर येतो. दादांना कोणते आमिष मिळाले ते मी सांगतो. त्यांच्या पेन्शनीतून दरमहा दशांश मंडळीच्या पेटीत जाऊ लागला. भाऊबंदांनी पत्र धाडले, की धर्म सोडलेल्यास वडिलोपार्जित जमिनीत वाटा नाही. हे कायद्याचे अज्ञान होते. धर्म बदलल्याने वारसा बुडत नाही हे १८५० च्या एकविसाव्या कायद्यानेच ठरविले होते आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाही धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा हक्क काढून घेत नाही. बाधा येते ती धर्मांतरानंतर जन्मलेल्या संततीला. दादांना सत्तरीत संतती होण्याची धास्ती भाऊबंदांना वाटली असल्यास न कळे! पण दादांनी भांडण केले नाही. वाटा सोडून दिला. असे हे आमिष.

ब्राह्मण मास्तराचे एक वेळ सोडा. ज्या गरिबांच्या बाबतीत हा शब्द सर्रास वापरतात त्यांचा हिशेब तरी मांडून पाहा. नगर जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती घराणी मूळची महार-मांगांची. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मिशनने धान्य दिले, कामे दिली, पोरकी मुले सांभाळली, हे खरे. आणि त्या धान्याबरोबर धर्म आला हेही खरे. मी ते नाकारीत नाही. परंतु तेव्हा त्या उपाशी माणसांना धान्य देण्यापासून आमच्या वाड्यांना कोणी अडविले होते? विहिरीवर पाणी भरू न देणाऱ्याने, दुसऱ्याने पाणी का पाजले म्हणून रागवावे, हा न्याय अजब आहे. आणि आज? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याचा तो दर्जा जातो. शिखांना तो १९५६ मध्ये मिळाला, बौद्धांना १९९० मध्ये. ख्रिस्त्यांना मिळालेला नाही. म्हणजे ख्रिस्ती होण्यात आज सवलत मिळत नाही, असलेली जाते. आमिष असेलच तर ते न होण्याचे आहे.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. आमच्या काकांना ख्रिस्ताच्या देवत्वाविषयी काही म्हणावयाचे नव्हते. पुनरुत्थान झाले की नाही, यावर त्यांची झोप कधी उडाली नाही. त्यांची झोप उडाली ती वेगळ्याच बातमीने. नगरहून कोणीतरी सांगत आले, की रविवारी सगळे एकाच भाकरीचा तुकडा मोडून खातात, एकाच पेल्याला ओठ लावतात, आणि दादांच्या शेजारी बसतो तो माणूस पूर्वी नगरपालिकेत झाडूवाला होता. “विटाळला रे!” एवढेच काका म्हणाले. त्या दोन शब्दांत सारी तत्त्वचर्चा संपली. एरवी हेच काका ‘सगळे धर्म सारखेच, मग बदलायचा कशाला?’ असे मोठ्या उदारपणे म्हणत असत. सगळे सारखेच असतील तर बदलला म्हणून बिघडले काय, हे त्यांना कोणी विचारले नाही.

घटस्फोट हा शब्द आज आपण नवराबायकोच्या फारकतीला वापरतो. मूळचा तो विधी पतिताला वाळीत टाकण्याचा. माणूस जिवंत असताना तो मेला असे समजून त्याच्या नावाचा पाण्याचा घट लवंडून द्यावयाचा. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात तो सांगितला आहे. आमच्या घराण्याने १९८७ त तसले काही केले नाही. ते सुधारलेले लोक. त्यांनी फक्त पत्रे पाठविणे थांबविले, आणि आता कुळवृत्तांतात ‘विरक्त’ हा शब्द घातला. घट लवंडलाच, आवाज मात्र होऊ दिला नाही.

मंडळीलाही मी मोकळी सोडणार नाही. दादा गेले त्या पहिल्या रविवारी त्यांना हार घालून पुढच्या बाकावर बसविले गेले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तेथे प्रार्थना केली त्यांना कधी हार मिळाला नव्हता. ब्राह्मण आला म्हणून एवढा आनंद! म्हणजे ज्या उतरंडीतून बाहेर पडावयाचे तीच वेदीपाशी पुन्हा रचावयाची. दादांनी हार काढून गुडघ्यावर ठेवला आणि पुढच्या रविवारपासून ते दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागले. पुढे एक उत्साही गृहस्थ घरी येऊन सांगू लागले, की ज्ञानेश्वरी टाका, ती तुम्हांला मागे ओढील. दादा म्हणाले, “तिनंच मला इथवर ढकललंय.” बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही एका छत्राखाली घेणारा ‘देवाचा दरबार’ टिळकांनी १९१७ त काढला होता, दोन वर्षांत ते वारले. त्या दरबाराची आठवण त्या गृहस्थांना करून द्यावी असे मला वाटले होते; पण दादांनी चहा मागविला आणि विषय बदलला.

मराठीचा आणि या धर्माचा संबंध उपरा आहे असे मानणाऱ्यांची संख्या कमी नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ त छापले गेले. ‘ज्ञानोदय’ १८४२ त निघाला. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत सबंध बायबलाचे भाषांतर पुरे केले. इतके होऊन फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा धर्मगुरू कसा चालेल म्हणून ओरड झालीच. ओव्या चालतात, ओवी लिहिणारा चालत नाही.

हे सारे मी तावातावाने लिहीत आहे; पण एक गोष्ट लिहिल्यावाचून मला समितीला दोष देण्याचा अधिकार नाही. १९९५ च्या उन्हाळ्यात दादा अंथरुणास खिळले होते. काका आणि आत्या त्यांना पाहण्यास येणार असा निरोप आला. किती वर्षांनी येत होते! मी भिंतीवरचा लहानसा लाकडी क्रूस उतरवून कपाटात ठेवला. उशाजवळचा ‘नवा करार’ गादीखाली सारला. दादा पाहत होते. काही बोलले नाहीत. पाहुणे दोन तास बसले, पिकांचे आणि लग्नांचे बोलले, आत्याने त्यांच्या कपाळावरून हात फिरविला. सगळे कसे गोड झाले. ते गेल्यावर दादा म्हणाले, “ते पुस्तक पाठीला टोचतंय. काढ बघू आता.”

दोन तास ते त्यावर निजून होते.

कुळवृत्तांताच्या समितीला मी दुरुस्तीचा कागद रजिस्टर्ड टपालाने पाठविला आहे. ‘उत्तरायुष्यात विरक्त’ हे शब्द खोडून तेथे लिहिले आहे : ‘१९८७ साली नगर येथे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, १९९५ साली तेथेच ख्रिस्ती दफनभूमीत दफन.’ पोच मिळाली आहे. उत्तर नाही. समितीचे एक सभासद फोनवर म्हणाले, की जागेची अडचण आहे, एका व्यक्तीस दोनच ओळी. मी मोजून पाहिले. दोनच ओळी होतात.