मूल हवे असणाऱ्यांची परवड

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक मुलगी जन्मास आली. शास्त्रीय नोंदींनिशी सिद्ध झालेली भारतातील पहिली 'टेस्ट ट्यूब बेबी' ती हीच. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या या यशामागे पैसा कोणाचा होता? रुग्णालय मुंबई महापालिकेचे आणि संशोधनसंस्था भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची. म्हणजे पैसा सर्वस्वी जनतेचा होता. (कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हेच कार्य १९७८ साली साधले होते. सरकारी समितीने त्यांची कशी वासलात लावली आणि १९८१ मध्ये त्यांनी आपल्या आयुष्याचा शेवट कसा करून घेतला, ती कथा निराळी आणि लाजिरवाणी आहे.) ज्या विद्येचे बारसे सार्वजनिक रुग्णालयात झाले ती चार दशकांत बहुतांशी खासगी दवाखान्यांच्या स्वाधीन झाली आहे, आणि ज्यांच्यासाठी ती निर्माण झाली त्यांतील बहुसंख्यांना तिचा उंबरठा ओलांडणे परवडत नाही.

या उपचाराचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजांडे काढणे, प्रयोगशाळेत भ्रूण वाढवणे, तो गर्भाशयात ठेवणे आणि नंतर दोन आठवडे नुसती वाट पाहणे. या एका फेऱ्यास साधारणतः दीड ते अडीच लाख रुपये पडतात. पूर्वीच्या तपासण्या त्यात धरलेल्या नसतात, गोठवून ठेवलेल्या भ्रूणांचे भाडे निराळे, आणि औषधांचे बिल पुष्कळदा अंदाजाच्या पुढे धावते. इतके करून हाती काय लागते? तिशीच्या सुरुवातीच्या स्त्रीलाही एका फेऱ्यात अपयशाचीच शक्यता अधिक असते. चाळिशीनंतर स्वतःच्या बीजांडावर यश येणे दुर्मीळच. मुलगी जन्मली नाही, मुलगा जन्मला नाही, बिल मात्र जन्मते! मग दुसरा फेरा, तिसरा फेरा. प्रॉव्हिडंट फंडातली उचल संपते, आईच्या पाटल्या जातात, शेवटी बँकेचे वैयक्तिक कर्ज. घरासाठी कर्ज काढणाऱ्याच्या डोक्यावर निदान छप्पर तरी राहते. या कर्जाचे हप्ते मात्र रिकाम्या पाळण्यापुढे बसून फेडावे लागतात.

आणि मनाचे हाल तर हिशेबात बसतच नाहीत. आपल्या सुशिक्षित घरांतूनही हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला कोणाला बोलवायचे आणि कोणाला टाळायचे याचे अलिखित नियम अजून पाळले जातात. तपासणीला प्रथम उभी राहते ती सून. मुलाची तपासणी करू या, असे सुचविले की घरात शांतता पसरते. वंध्यत्वाच्या फार मोठ्या भागात पुरुषाचाही वाटा असतो हे वैद्यकशास्त्र कधीपासून सांगत आहे, तरी त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळीची तारीख आधी ठरते आणि वीर्यतपासणी मागाहून होते. श्रद्धेचा उपहास करण्याची आम्हांस यत्किंचितही इच्छा नाही. परंतु त्यात जी दोन-तीन वर्षे निघून जातात, ती स्त्रीच्या वयातून वजा होतात आणि दवाखान्यात तेवढ्यानेच यशाची आशा घटते. कचेरीत या उपचारासाठी रजेचा प्रकार नाही. म्हणून पोटदुखी, मावशीचे आजारपण, अशी कारणे शोधावी लागतात. दुःख भोगायचे आणि वर ते लपवायचे, असा हा दुहेरी दंड आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते: देशाची लोकसंख्या इतकी अफाट असताना मुले होण्यासाठी सरकारने खर्च काय म्हणून करावा? हा युक्तिवाद आता शिळा झाला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात दर स्त्रीमागे सरासरी दोन मुले आहेत, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या जितकीच्या तितकी राखण्यासही हे प्रमाण अपुरे आहे. शिवाय १९५२ पासून हेच सरकार कुटुंबनियोजनाच्या निमित्ताने जोडप्यांच्या शयनगृहापर्यंत पोहोचलेले आहे, नसबंदीसाठी पैसे मोजीत आलेले आहे. मूल नको असणाऱ्यास मदत करणे हे राष्ट्रकार्य आणि मूल हवे असणाऱ्यास मदत करणे हा त्याचा खासगी शौक, हा कोणता न्याय? त्यातही आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्याचे एक मोठे कारण क्षयरोग आहे. दाटीवाटीच्या वस्तीत, वेळेवर निदान न झालेल्या क्षयाने जिची कूस हिरावली, तिला 'तुझे तू पाहा' असे सांगण्याचा अधिकार ज्यांच्या हाती ती वस्ती आणि ते निदान होते, त्यांना तरी नाही. 'दत्तक घ्या' हा सल्लाही सोपा वाटतो. पण त्या रांगेतही आज तीन-तीन वर्षे उभे राहावे लागते.

संसदेने २०२१ साली या क्षेत्रासाठी कायदा केला. दवाखान्यांची नोंदणी, स्त्रीस पन्नास व पुरुषास पंचावन्न ही वयोमर्यादा, बीजांड देणाऱ्या स्त्रीचा जोडप्याने बारा महिन्यांचा विमा उतरविण्याची सक्ती, हे सारे त्यात आहे आणि ते रास्तच आहे. दराविषयी मात्र कायदा मौन पाळतो. यशाची शक्यता आणि खर्च जोडप्यास समजावून सांगण्याचे बंधन त्यात आहे. परंतु बंद खोलीत तोंडी दिलेल्या माहितीचा पडताळा कोण घेणार? 'गर्भ राहिला' आणि 'मूल घरी आले' यांत फार अंतर असते, आणि जाहिरातींतले टक्के बहुधा पहिल्याचे असतात. 'आयुष्मान भारत' योजनेने हे उपचार वगळले आहेत. विम्याच्या ठरीव अपवादांतही वंध्यत्वाची गणना आहे. काही कंपन्यांनी दार किलकिले केले आहे इतकेच. उलट केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना २०११ च्या आदेशानुसार, काही अटींवर, दर फेऱ्यास ६५ हजार रुपयांपर्यंत आणि तीन फेऱ्यांपर्यंत भरपाईची सोय झाली. म्हणजे हा उपचार चैन नव्हे हे सरकारने आपल्या नोकरांपुरते केव्हाच मान्य केले आहे! मग गिरणगावातल्या दुकानातील कारकुनाने काय पाप केले?

मार्ग अज्ञात नाही. गोव्याने २०२३ मध्ये बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हा उपचार विनामूल्य सुरू केला. ब्रिटनमध्ये नियामक संस्था प्रत्येक दवाखान्याचे यशापयश आकड्यांनिशी जनतेपुढे ठेवते. येथेही प्रत्येक दवाखान्याने वयोगटवार किती फेऱ्यांमागे किती जिवंत मुले जन्मली, हे दरवर्षी जाहीर करावे आणि पहिल्या इंजेक्शनापूर्वी संपूर्ण खर्चाचा लेखी अंदाज जोडप्याच्या हाती द्यावा, अशी सक्ती राज्य मंडळाने केली पाहिजे. महापालिकेविषयी म्हणाल, तर तिने एवढेच करावे: आपल्या प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात या उपचाराचे अल्पदराचे, पुरेशा प्रयोगशाळेसह आणि समुपदेशकासह चालणारे केंद्र असावे, म्हणून येत्या फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र तरतूद ठेवावी, आणि त्याचा आरंभ परळपासून करावा.