'आबा, ओटीपी सांगा'

मंगळवारी रात्री मिरचीच्या भावाच्या ग्रुपवर एक फोटो आला. भाव बघायला म्हणून उघडला, तर एका शाळेच्या रजिस्टरचं पान. शाळा आपल्याच भागातली आहे, नाव लिहीत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी होती. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, बापाचा मोबाईल नंबर, शेवटच्या रकान्यात बँकेचं खातं. फोटोच्या कडेला पान दाबून धरलेला गुरुजींचा अंगठाही आलेला. खाली सूचना होती, 'पालकांनी माहिती तपासून घ्यावी, चूक असल्यास तात्काळ कळवावे.' कुणा पालकानं ते पान नजरचुकीनं इकडं ढकललं असणार. आमच्या या ग्रुपात भोकरदन, सिल्लोडपासून बुलढाणा, जळगावपर्यंतचे शेतकरी, अडते आणि व्यापारी आहेत. त्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आता सातवी-आठवीतल्या पोरींच्या जन्मतारखा जाऊन बसल्या.

हे सदर वाचणाऱ्यांना माहीत आहे की शाळा हा विषय निघाला की मला राहवत नाही. पण या वेळचा राग वेगळा आहे. मध्यंतरी याच भागात मुलांसाठी सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं. मी मागच्या बाकावर बसून ऐकलं. चांगलं झालं. अनोळखी माणसाशी बोलू नका, फोटो पाठवू नका, काही विचित्र घडलं तर घरी सांगा, मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ नंबरला फोन करा. मुलांनी मन लावून ऐकलं. फक्त समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांकडे स्वतःचा मोबाईलच नाही. घरात एक फोन, तो सकाळी बापाबरोबर शेतात जातो आणि दिवेलागणीला परत येतो. इंटरनेटवर या लेकरांचं जे काही पसरलं आहे, ते त्यांनी टाकलेलंच नाही. ते आपण मोठ्यांनी टाकलंय. शाळेनं, पालकांनी, गावच्या पुढाऱ्यांनी. प्रत्येक झेंडावंदनाला, प्रत्येक गणवेश वाटपाला, नावागावासकट.

मुलांचे फोटो टाकायची ही सवय वरूनही आलेली आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये आपल्या राज्याच्या शिक्षण खात्यानं आदेश काढला होता की शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांबरोबर सेल्फी काढून 'सरल' प्रणालीत टाकावी. मुलांची गळती थांबावी हा हेतू. शिक्षकांनी विरोध केला आणि जानेवारी २०१७ मध्ये तो आदेश लांबणीवर पडला. २०२३ मध्ये केंद्राचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी आईबापांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, सगळ्या तरतुदी लागू व्हायला अजून अवकाश आहे. काही गावं आपल्या परीनंही झटतात. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले मोबाईल, टीव्ही बंद होतात. त्या गावाचं मला मनापासून कौतुक आहे. पण भोंगा वाजला म्हणून आधीच पाठवलेली यादी परत येत नाही.

यादीनं काय होतं, असं टपरीवर एकानं मला विचारलं. आमच्या गल्लीतली एक बाई कापूस वेचत होती. फोन आला. समोरच्यानं तिच्या मुलाचं पूर्ण नाव घेतलं, शाळा सांगितली, वर्ग सांगितला. तुमच्या पोराला पोलिसांनी धरलंय, केस दाबायची तर आत्ता पैसे टाका. मागं कुणाच्या तरी रडण्याचा आवाज. तिच्या खात्यात पैसे नव्हते, म्हणूनच ती वाचली. ओटीत वेचलेला कापूस तसाच घेऊन ती शाळेपर्यंत पळत आली. पोरगं खिचडीच्या रांगेत ताट घेऊन उभं होतं. तिला रडू आवरेना आणि पोराला काही कळेना. "नाव त्यांना कसं ठावं, वर्ग कसा ठावं?" एवढंच ती विचारत राहिली. माहिती कुठून गेली ते कधीच कळत नाही. दहा ठिकाणांहून गेलेली असते. अशा वेळी सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० वर फोन करायचा असतो हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

गुरुजींना झोडपून मी मोकळा होणार नाही. सकाळी अकराला तालुक्यावरून निरोप येतो, 'आज पाचपर्यंत माहिती भरा.' शिष्यवृत्ती, अपार म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, आधारची जुळणी, यू-डायस म्हणजे शाळांच्या माहितीची नोंद. ऑफिसात संगणक असला तर वीज नसते, वीज असली तर रेंज नसते. मग गुरुजी स्वतःचा मोबाईल काढतात. त्यांच्या गॅलरीत लेकीच्या वाढदिवसाच्या फोटोंशेजारी वर्गातल्या सगळ्या पोरांची आधार कार्डं आणि पासबुकं. उद्या तो फोन दुकानात बदली देऊन नवा घेतला, तर जुन्यातलं सगळं पुसलं की नाही हे कोण बघतं? खात्यानं कामासाठी फोन दिलेला नाही आणि काम झाल्यावर माहिती पुसून टाका असंही कुणी सांगितलेलं नाही.

आणि त्या ओटीपीचं काय करायचं? महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा तर ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर जातो. तो नंबर बापाचा, बाप शेतात. मग गुरुजी किंवा सेवा केंद्रावरचा मुलगा फोन लावतो आणि पोराच्या हातात देतो. पोरगं ओरडतं, "आबा, ओटीपी आला का? सांगा पटकन, जाईल तो." तिकडं आबा चष्मा शोधतात. ते वाचता येणाऱ्या शेजारच्या वावरातल्या माणसाला हाक मारतात, तो आकडे मोठ्यानं वाचतो, इकडं पोरगं मोठ्यानं म्हणतं आणि केंद्रात बसलेली सगळी माणसं ऐकतात. एकदा चुकतो, पुन्हा मागवतात. वर्षातून कितीदा तरी हे चालतं. बाराव्या वर्षी ते पोरगं काय शिकलं? सरकारी काम असलं, समोरचा घाईत असला, की बापाला फोन लावायचा आणि आकडे सांगायला लावायचे. आबाही तेच शिकले. व्याख्यानात 'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे पोरानं तासभर ऐकलं असेल, पण वर्षभर त्याच्याकडून उलटंच करून घेतलंय. उद्या त्याच आवाजात, त्याच घाईत चोर बोलला तर आबांनी त्याला ओळखायचं कशावरून?

मला हे फार लागलं. आमच्याकडे शिष्यवृत्तीची रक्कम थोडी असते, पण तेवढ्यासाठी माणसं दिवसाची मजुरी बुडवून येतात. त्यांना 'सांगणार नाही' म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं की अर्ज राहतो.

एका वस्तीवरच्या शाळेत गुरुजींनी यंदा वेगळं केलं. अर्जांच्या वेळी पालकांनाच फोन घेऊन बोलावलं. ज्याचा ओटीपी त्यानं स्वतः बघायचा आणि स्वतः त्या चौकटीत टाकायचा. ज्याला वाचता येत नाही त्याच्याजवळ त्याचंच पोरगं बसलं आणि त्यानं हळू आवाजात आकडे सांगितले. यादीचं पान ग्रुपवर गेलं नाही. ते टेबलावर ठेवलं होतं, ज्यानं त्यानं आपली ओळ तपासून सही केली. मुलांचे फोटो शाळेबाहेर जाऊ द्यायचे की नाही, हेही एका कागदावर विचारलं. काहींनी 'नाही' लिहिलं आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. दिवसा वेचणी चालू, म्हणून ही सभा त्यांनी रात्री साडेसातला ठेवली होती. त्या रात्री निम्मे अर्ज झाले, बाकीच्यांसाठी गुरुवारी पुन्हा बसणार आहेत.