छाया वाचताना

छातीचा फोटो हाती पडला, की आपण सारे तो प्रथम खिडकीकडे धरतो. काही कळत नाही. पण एखादा पांढरा ठिपका दिसतो आणि पोटात गोळा येतो. वाचकहो, त्या ठिपक्याविषयी दोन शब्द.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे प्राध्यापक राँटजेन यांना हे किरण गवसले. त्यांनी उमटते ती निव्वळ सावली. हवेतून किरण सहज पार होतात, म्हणून फुफ्फुसे काळी. हाडे त्यांना अडवितात, म्हणून ती पांढरी. रक्त, पाणी, पू ही मंडळी मात्र एकाच करड्या वेषात वावरतात! डाग एवढेच सांगतो, की येथे हवा असावयास हवी होती, ती नाही. तिची जागा कोणी बळकावली, हे तो सांगत नाही. न्यूमोनिया, क्षय, गाठ, की भरून आलेला जुना व्रण? शब्द एक, अर्थ चार. संदर्भावाचून अर्थ लावू नये, हे मराठीच्या वर्गात आम्ही घसा कोरडा करून सांगतो, ते येथेही खरेच.

म्हणून जाणता डॉक्टर डागावर झडप घालीत नाही. आधी नाव-तारीख पाहतो. मग पाठीमागच्या बरगड्या मोजतो. ९-१० दिसल्या, तर श्वास पुरता भरलेला. अर्धवट श्वासात निरोगी हृदयही फुगलेले भासते. एवढे करूनही डोळा फसतो. अनुभवी वाचकांच्या नजरेतूनही सदोष छायाचित्रांपैकी सुमारे ३० टक्के निसटतात, असे अमेरिकेतील डॉ. गारलंड यांनी १९४९ साली दाखवून दिले.

आमच्या शेजारच्या मुलाला नोकरी लागली. वैद्यकीय तपासणीत उजव्या फुफ्फुसाच्या शेंड्याशी डाग निघाला. क्षयाची ही आवडती जागा. घर सुन्न झाले. आईने त्याचे ताट-वाटी निराळे काढले. डॉक्टरांनी विचारले, "याचा पूर्वीचा फोटो आहे का हो घरात?" ट्रंक उपसली, चार वर्षांपूर्वीचा निघाला. तोच डाग, तेवढाच, तेथेच! थुंकीतही जंतू सापडले नाहीत. व्रण जुना होता. मुलगा कामावर रुजू झाला. डाग नवा असता, तरी जुन्या फोटोने तेही लगेच सांगितले असते. आणि वेळेवर कळलेला क्षय आज बहुधा सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक्स-रेचे पाकीट खाली आले, तर 'आजार बरा झाला, आता हे कशाला?' म्हणून रद्दीत टाकू नका. वर नाव व तारीख लिहून ते सपाट ठेवा. फोटो संगणकावरचा असेल, तर त्याची प्रत मागून घ्या. आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जाताना ते न विसरता बरोबर न्या.