पाचोळा, पेट्रोल आणि पप्पा

होळीनंतरच्या वीकेंडला सणसवाडीला घरी गेले, तर पप्पा अंगणात खराटा घेऊन वाकलेले. सरळ होताना एक हात गुडघ्यावर, दुसऱ्याने गेट धरलेलं. मी बघतेय हे कळल्यावर म्हणाले, "काही नाही गं, पाय आखडला जरा."

आमचा प्लॉट दोन गुंठ्यांचा. त्यात एक कडुनिंब, एक आंबा आणि कंपाउंडला लागून जंगली बदाम. माघ-फाल्गुनात हे तिघं मिळून असा काही पाचोळा पाडतात की सकाळी झाडलेलं अंगण दुपारी ओळखू येत नाही. पूर्वी पप्पा ढीग करून सरळ काडी लावायचे. पण शेजारच्या काकूंच्या नातवाला दमा आहे. गेल्या वर्षी धुरावरून दोन्ही घरांत अशी काही वाजली की यंदा संक्रांतीला काकूंकडून तिळगूळसुद्धा आला नाही. कायद्यानेही काकूच बरोबर. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली आणि साध्या जाळण्यालाही ५,००० रुपये दंड ठरवला.

पगार नुकताच झाला होता. म्हटलं, पप्पांना ब्लोअर घेऊन टाकू. तोही पेट्रोलवाला. दोरी खेचली, भुर्रर्र, अंगण साफ! फंडा क्लिअर होता. निदान मला तसं वाटत होतं.

'ब्लोअर' म्हणजे कुठला?

पहिला धडा दुकानात मिळाला. नगर रोडवरच्या हार्डवेअरवाल्याला ब्लोअर मागितला, तर त्याने ५००-६०० वॉटचा, कॉम्प्युटरची धूळ उडवायचा विजेवरचा ब्लोअर काढून दिला. कृषी सेवा केंद्रात गेले, तर तिथे ब्लोअर म्हणजे फवारणीचं यंत्र. "बाग किती एकर?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "दोन गुंठे." तो नुसता हसला. आपल्याला हवं ते यंत्र पॉवर टूल्स विकणाऱ्यांकडे मिळतं. तिथे 'पानं उडवायचा, हातात धरायचा ब्लोअर' असं पूर्ण वाक्य बोलायचं, म्हणजे चक्कर वाचते.

हातात धरायचे पेट्रोल ब्लोअर साधारण २५ ते २८ सीसीचे असतात. हस्कवर्ना १२५बी हे नेहमी दिसणारं मॉडेल घ्या. २८ सीसी, वजन सव्वाचार किलोच्या आसपास, त्यात पेट्रोलचं वजन वेगळं. डब्यावर दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक हवेचा वेग, दुसरा हवेचं प्रमाण. फरशीला चिकटलेलं ओलसर पान सुटतं ते वेगामुळे, आणि सुटलेला ढीग पुढे सरकतो तो प्रमाणामुळे. सेल्समन फक्त वेगाचा आकडा सांगतो, आपण दोन्ही विचारायचे.

चार तासांचं गणित

मी जवळजवळ कार्ड काढलंच होतं. तेवढ्यात पप्पा म्हणाले, "आधी माझ्या मित्राचा बघ." कंपनीतल्या या मित्राचा वढू बुद्रुकच्या बाजूला प्लॉट आहे आणि त्यांनी दोन वर्षांपूर्वी असाच ब्लोअर घेतलाय. आम्ही गेलो. काकांनी दोरी खेचली. मग पप्पांनी खेचली. मग मी खेचली. विसाव्या झटक्यालाही मशीन ढिम्म. "दिवाळीला चाललं होतं," काका म्हणाले.

मशीनमध्ये बिघाड असा काही नव्हता. दिवाळीपासून ते नुसतं पडून होतं, एवढंच. पेट्रोल टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये महिनोन् महिने राहिलं की हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर उरतो. कार्बोरेटरची भोकं सुईच्या टोकाएवढी, ती बुजतात. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्याने रबराचे भाग खराब होऊ शकतात. रोज पळणाऱ्या बाइकमधलं पेट्रोल आठवड्याभरात संपतं. ब्लोअरचं तसं नाही. शिवाय बऱ्याच छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांची मॅन्युअल १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात.

घरी येऊन हिशेब केला. पानगळीचे बारा आठवडे, आठवड्याला वीस मिनिटं. वर्षाचे झाले चार तास. वर्षात तास असतात ८,७६०. म्हणजे ८,७५६ तास हे मशीन स्टोअररूममध्ये बसणार! आपण विकत घेताना विचारतो, "किती जोरात चालतं?" विचारायला हवं, "न चालता किती दिवस टिकतं?" कधीतरीच वापरायचं असेल तर पेट्रोल ब्लोअर सगळ्यात नाजूक, कारण त्याला काम झेपतं, आराम झेपत नाही.

आणि आवाज?

काकांचा ब्लोअर मेकॅनिकने कार्बोरेटर साफ केल्यावर चालू झाला, तेव्हा दुसरी गोष्ट कळली. अशा मशीनचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी सहज ९० डेसिबलच्या वर जातो. ध्वनी प्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. टू-स्ट्रोकमध्ये इंधनाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो, तो वास वेगळा. कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब आहे की पेट्रोल ब्लोअर तासभर चालवला तर धुरकं वाढवणारं जेवढं प्रदूषण होतं, तेवढं करायला टोयोटा कॅमरी सुमारे १,७७० किलोमीटर चालवावी लागेल. म्हणजे पुण्याहून निघून दिल्ली ओलांडून पुढे. त्या राज्याने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून बागकामाच्या अशा नव्या पेट्रोल यंत्रांची विक्री बंद करायला घेतली.

धुरावरून भांडण झालंच होतं. आता सकाळी सात वाजता काकूंच्या खिडकीखाली हे चालू करायचं? नको रे बाबा.

मग कुणी काय घ्यावं?

*अंगण दोन-तीन गुंठे, जवळ प्लग आहे:* वायरवाला विजेचा. दोरी नाही, कार्बोरेटर नाही, वर्षभर पडून राहिला तरी बटण दाबलं की चालू. २,००० वॉटच्या वरचा असेल तर १५ अँपिअरचा पॉइंट आणि जाड एक्स्टेन्शन वायर लागते. बारीक वायर तापते.

*प्लग लांब आहे, पण काम थोडं:* बॅटरीवाला. पूर्ण जोरावर बहुतेक १० ते २० मिनिटं मिळतात. ठेवताना बॅटरी अर्धी चार्ज ठेवायची.

*अर्धा-एक एकर, फार्महाऊस, विजेचा भरवसा नाही:* इथे पेट्रोल खरंच शोभतं. पण दर पंधरवड्याला वापरणार असाल तरच.

पेट्रोलच घ्यायचा असेल तर

- तेलाचं प्रमाण मॅन्युअलमधूनच घ्या. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली टू-टी ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली. नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन जाम होतं.
- मिश्रण लागेल तेवढंच बनवा. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.
- दुकानातच दहा मिनिटं हातात धरून उभे राहा. मनगट दुखलं तर घरीही दुखणार.
- ज्याच्यासाठी घेताय त्यालाच दोरी खेचू द्या. पप्पांचा खांदा आणि तुमचा जिमवाला खांदा, दोन्ही वेगळे.
- सुटे भाग आणि सर्व्हिस जवळ कुठे मिळते, ते बिल होण्याआधी विचारा.
- गॉगल, कानाला मफ, तोंडाला मास्क. गरम इंजिनमध्ये पेट्रोल भरू नका.

आम्ही शेवटी वायरवाला घेतला, वेग कमी-जास्त करता येणारा. गुरुवारी पप्पांची सुट्टी आणि गुरुवारीच मेन्टेनन्सची लाइट जाते, हा जोक घरात रोज होतो. "पाचोळा काय पळून जातोय होय?" पप्पा म्हणतात आणि शुक्रवारी कामावरून आल्यावर फिरवतात. तुळशीभोवती मात्र अजून खराटाच. त्यासाठी वाकावं लागतं, पण पाच मिनिटंच.

गोळा केलेली पानं आता कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात जातात. वर थोडी माती, थोडं शेण, अधूनमधून पाणी. पुण्यात अदिती देवधर यांच्या 'ब्राऊन लीफ'ने पानं जास्त असलेल्यांची आणि पानं हवी असलेल्यांची गाठ घालून दिली. आमच्याकडे ती गाठ कंपाउंडवरूनच पडली. परवा काकूंनी भिंतीवरून विचारलं, "गच्चीतल्या कुंड्यांना घालायला दोन पोती पानं द्याल का?"

पप्पांनी तीन दिली.